मतदानाचं वय कमी केलं की तिजोरीवर किती भार पडतो? दुधनीच्या मतदान केंद्रापासून दिल्लीपर्यंतचा हिशेब

निवडणूक आली की चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "या अठरा वर्षांच्या पोरांना मत देऊन काय मिळालं? नुसता सरकारचा खर्च वाढला." अधूनमधून याच्या उलट बातमीही येते. कुठल्या तरी देशाने वय सोळावर आणलेलं असतं, मग आपल्याकडे का नाही, असा सवाल निघतो. दोन्ही बाजूंनी जोरात बोललं जातं, पण खर्च नेमका कशाचा आणि कोणाच्या खिशातून, हे फारसं कोणी सांगत नाही. या लेखात तेवढंच पाहायचं आहे. उदाहरण म्हणून अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेलं आपलं दुधनी घेऊ. कारण इथे ही गोष्ट इतर ठिकाणांपेक्षा जरा वेगळ्या पद्धतीने घडली आहे.

आधी कायदा काय आहे?

भारतात वय एकदाच कमी झालं. राज्यघटनेच्या कलम ३२६ मध्ये सुरुवातीला २१ वर्षांची अट होती. डिसेंबर १९८८ मध्ये राजीव गांधी सरकारने दुरुस्ती विधेयक आणलं. ते लोकसभेत मांडलं बी. शंकरानंद यांनी, म्हणजे सीमाभागातल्या चिकोडीच्या खासदारांनी. दोन्ही सभागृहांनी ते त्याच महिन्यात मंजूर केलं, राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता घेतली गेली आणि २८ मार्च १९८९ पासून ६१ वी घटनादुरुस्ती लागू झाली. २१ चे १८ झाले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये लोकसभेची आणि फेब्रुवारी १९९० मध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. अठरा ते वीस वयाच्या मुलामुलींनी आपल्याकडे पहिल्यांदा मत दिलं ते या दोन निवडणुकांत.

विधेयकासोबतच्या निवेदनात एक कारण दिलं होतं की, काही राज्यांनी स्थानिक संस्थांच्या निवडणुकांसाठी १८ वर्षांची अट आधीच स्वीकारली आहे. ही काही राज्यं म्हणजे दूरची गोष्ट नव्हती. दुधनीच्या वेशीपलीकडे हेच झालं होतं.

हद्दीपलीकडे दोन वर्षं आधी

दुधनीच्या पलीकडे आळंद आणि अफझलपूर हे तेव्हाच्या गुलबर्गा, आताच्या कलबुर्गी जिल्ह्यातले तालुके. आपल्या लोकांची निम्मी सोयरीक तिकडची. तूर विकायला तिकडचे शेतकरी दुधनीच्या बाजार समितीत येतात आणि लग्नाला आपण तिकडे जातो. कर्नाटकात रामकृष्ण हेगडे यांच्या सरकारने १९८३ चा जिल्हा परिषद व मंडल पंचायत कायदा केला आणि त्यानुसार जानेवारी १९८७ मध्ये निवडणुका घेतल्या. त्यात मतदानाचं वय १८ होतं. या कायद्यामागचा माणूस म्हणजे ग्रामविकास मंत्री अब्दुल नझीर साब. गावोगाव बोअरवेल खोदून पाणी दिलं म्हणून लोक त्यांना 'नीर साब' म्हणत. १९८८ मध्ये त्यांचं निधन झालं, म्हणजे देशपातळीवर वय खाली आलं ते पाहायला ते राहिले नाहीत. आपल्या समाजात पंचायत राज म्हटलं की हे नाव आठवायला हवं, पण आठवत नाही. असो.

म्हणजे १९८७ मध्ये परिस्थिती अशी होती की दुधनीतल्या एखाद्या घरची एकोणीस वर्षांची मुलगी लग्न होऊन आळंदला गेली तर तिला मंडल पंचायतीचं मत होतं, आणि तिचा वीस वर्षांचा भाऊ दुधनीत बसून कसलंच मत देऊ शकत नव्हता. पण आळंदच्या त्याच मुलीला विधानसभा-लोकसभेसाठी मात्र २१ पूर्ण होईपर्यंत थांबायचं होतं. एकाच माणसाचं वय एका निवडणुकीला पुरेसं आणि दुसरीला अपुरं.

खर्चाच्या बाजूने बघितलं तर ही सगळ्यात महागडी व्यवस्था असते. स्थानिक निवडणुकीला वेगळं वय ठेवलं की विधानसभेची यादी जशीच्या तशी उचलता येत नाही. १८ ते २० वयाच्या लोकांची वेगळी मोजणी, वेगळी छपाई, वेगळ्या हरकती, वेगळी दुरुस्ती. आज महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोग नगरपरिषद, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्यासाठी विधानसभेचीच यादी घेतो आणि ती प्रभागांनुसार फोडतो. वय दोन्हीकडे सारखं असल्यामुळेच हे शक्य होतं.

अमेरिकेला हाच धडा जास्त महागात पडणार होता. तिथे १९७० मध्ये संसदेने कायद्याने वय १८ केलं. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हे फक्त राष्ट्रीय निवडणुकांना लागू, राज्यांच्या निवडणुकांचं वय राज्यं ठरवतील. मग एकाच केंद्रावर, एकाच दिवशी दोन याद्या आणि दोन प्रकारच्या मतपत्रिका लागणार. तिथे मतदान यंत्रं होती, तीही दोन प्रकारची. राज्यांच्या निवडणूक अधिकाऱ्यांनी या दुहेरी खर्चाचा एवढा धसका घेतला की २३ मार्च १९७१ ला संसदेने पाठवलेली घटनादुरुस्ती १ जुलैपर्यंत, म्हणजे शंभर दिवसांत, पुरेशा राज्यांनी मंजूर करून टाकली. व्हिएतनाम युद्धावर जाणाऱ्या पोरांना मत हवं, ही भावना होतीच. पण घाई झाली ती हिशेबामुळे. वय कमी करण्याच्या खर्चाची चर्चा करताना ही गोष्ट लोक विसरतात की, अर्धवट कमी करणं हे पूर्ण कमी करण्यापेक्षा महाग असतं.

आपल्याकडे याहून जुनं उदाहरण आहे. १९०९ पासून मुस्लिमांसाठी स्वतंत्र मतदारसंघ होते, म्हणून याद्याही स्वतंत्र होत्या. मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींची छाननीही करावी लागे. म्हणजे मतदार थोडे, पण एकेका नावामागे कारकुनी भरपूर. घटनेच्या कलम ३२५ ने एका मतदारसंघाला एकच यादी असं ठरवलं आणि धर्म, जात, लिंग या कारणाने कोणाचं नाव गाळता येणार नाही असं सांगितलं. आपण या कलमाकडे हक्क म्हणून बघतो, ते बरोबरच आहे. पण खर्च वाचवणारं कलम म्हणूनही त्याच्याकडे बघता येतं.

"परवडत नाही" हे कारण नवीन नाही

सर्व प्रौढांना मत द्यावं की नाही यावर १९३२ मध्ये लॉर्ड लोथियन यांच्या अध्यक्षतेखाली मताधिकार समिती बसली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते आणि ते प्रौढ मतदानाच्या बाजूचे. समितीचा निष्कर्ष मात्र असा निघाला की, एवढ्या लोकांचं मतदान घ्यायला यंत्रणा आणि माणसं पुरणार नाहीत, हे व्यवहार्य नाही. वीस वर्षांनी स्वतंत्र भारताने १७ कोटी ३२ लाख मतदारांची निवडणूक घेऊन दाखवली. खर्च आला १० कोटी ४५ लाख रुपये, म्हणजे माणशी साठ पैसे.

आता १९८९ कडे येऊ. निवडणूक आयोगाचे लोकसभा निवडणुकांचे आकडे असे आहेत. १९८४ ला सुमारे ८१ कोटी ५१ लाख रुपये आणि १९८९ ला १५४ कोटी २२ लाख. जवळजवळ दुप्पट! टपरीवरचा माणूस इथेच थांबतो आणि म्हणतो, बघा, पोरांमुळे वाढलं.

पण पुढचा आकडा बघा. १९९१ च्या निवडणुकीचा खर्च झाला ३५९ कोटी १० लाख. दोनच वर्षांत दुपटीहून जास्त. आणि या दोन वर्षांत मतदार किती वाढले? जवळपास वाढलेच नाहीत, १९८९ ला सुमारे ५० कोटी आणि १९९१ लाही सुमारे तेवढेच. वयाची अटही तीच. म्हणजे माणशी खर्च तीन रुपयांवरून सात रुपयांच्या वर गेला, तो नव्या मतदारांशिवाय. बंदोबस्त आणि महागाई यांचा त्यात मोठा वाटा. त्यात १९९१ ला राजीव गांधींच्या हत्येमुळे मतदानाचे उरलेले टप्पे पुढे ढकलावे लागले होते.

१९८४ ते १९८९ मध्ये मतदार सुमारे चाळीस कोटींवरून पन्नास कोटींवर गेले हे खरं. पण या दहा कोटींतले सगळे १८ ते २० वयाचे नव्हते. पाच वर्षांत एकविसाव्या वर्षात पोचलेले असंख्य होते, ते वय न बदलता यादीत आलेच असते. आणि माणशी खर्च १९८४ ला दोन रुपयांच्या आसपास होता, तो १९८९ ला तीन झाला. मतदार वाढले म्हणून एकूण आकडा वाढतो, पण माणशी आकडा वाढायला दुसरी कारणं लागतात. माझ्या मते १९८९ च्या दुपटीत वयाचा वाटा असेल तर तो लहान भावाचा, मोठ्या भावाचा नाही.

एका केंद्रावर एक माणूस वाढला तर?

हे समजून घ्यायला दुधनीच्या शाळेतल्या एका मतदान केंद्रात जाऊ. केंद्राध्यक्ष, मतदान अधिकारी, शिपाई, पोलीस. कंट्रोल युनिट, बॅलेट युनिट, व्हीव्हीपॅट. बाहेर मंडप, पाण्याचा माठ, व्हीलचेअरसाठी उतार. आदल्या दिवशी साहित्य घेऊन येणारी एसटी. हा सगळा खर्च केंद्रामागे आहे, मतदारामागे नाही. नऊशे मतदार असोत की नऊशे पन्नास, एसटीचं डिझेल तेवढंच जळतं. मतदारामागे वाढतं ते किरकोळ. शाईच घ्या. म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यात बनणारी दहा मिलिची एक बाटली सुमारे सातशे बोटांना पुरते.

खर्च पायरीने चढतो, उताराने नाही. एका केंद्रावर जास्तीत जास्त किती मतदार ठेवायचे याची मर्यादा आयोग ठरवतो. २०२४ ला ती १५०० होती, २०२५ मध्ये ती १२०० वर आणली. ११०० मतदारांच्या केंद्रात पन्नास-साठ नवे आले तर काहीच बदलत नाही. ११७० च्या केंद्रात तेवढेच आले की बाराशेची रेघ ओलांडली जाते आणि नवीन केंद्र उभं करावं लागतं, नवी टीम, नवं यंत्र, नवी खोली. नव्या पिढीच्या ईव्हीएम यंत्राची किंमत आयोगाने सुमारे १७ हजार रुपये सांगितली आहे. गंमत अशी की मर्यादा १५०० ची १२०० केल्याने देशभर जेवढी नवी केंद्रं लागतील, तेवढी कुठल्याही वयाच्या बदलाने लागणार नाहीत. तो निर्णय रांग कमी व्हावी म्हणून घेतला आणि तो चांगलाच आहे. फक्त त्याच्या खर्चाबद्दल टपरीवर कोणी तक्रार करत नाही.

खरा पैसा यादीत जातो

मतदानाचा दिवस पाच वर्षांतून एकदा-दोनदा येतो. यादीचं काम मात्र बारमाही. ते करतो बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. बहुतेक ठिकाणी शिक्षक, अंगणवाडी सेविका, तलाठी किंवा पालिकेचा कर्मचारी. या कामाचं मानधन वर्षाला ६ हजार होतं, ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने ते १२ हजार केलं. बाराशे मतदारांच्या केंद्रामागे १२ हजार म्हणजे मतदारामागे वर्षाला दहा रुपये, पाच वर्षांत पन्नास. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीचा खर्च ३,८७० कोटी रुपये झाला, तो मतदारामागे सुमारे ४६ रुपये पडतो. एकट्या बीएलओच्या मानधनाचा हिशेब त्या प्रचंड निवडणुकीच्या माणशी खर्चापेक्षा वर जातो. छपाई, ओळखपत्र, संगणक, सॉफ्टवेअर हे अजून धरलेलंच नाही.

हे मानधन काही जास्त नाही, हेही सांगून टाकतो. महिन्याला हजार रुपयांत उन्हातान्हात घरोघर फिरायचं आणि लोकांच्या शिव्या खायच्या.

याशिवाय एक खर्च कुठल्याच कागदावर येत नाही. शिक्षक यादीच्या कामाला गेले की वर्ग कोण घेतो? सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं होतं की अध्यापनाच्या दिवशी, शाळेच्या वेळेत शिक्षकांना यादीच्या कामाला लावू नये. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती आणि निवडणुकीचं काम वगळता शिक्षकांना इतर कामाला लावायला मनाई केली, म्हणजे निवडणुकीचं दार उघडंच राहिलं. ज्या शाळेत दोनच शिक्षक आहेत तिथे एक बीएलओ झाला तर काय होतं, हे पालकांना विचारा. अठरा वर्षांच्या मतदाराची नोंद करायला आठ वर्षांच्या मुलाचा तास जातो. वय कमी केल्याचा सार्वजनिक खर्च कोणी मला एका वाक्यात विचारला तर मी हाच सांगेन.

आणि तरुणांची नोंद ही जुन्या मतदारांपेक्षा जास्त कामाची असते. पन्नाशीचा माणूस यादीत एकदा आला की पंचवीस वर्षं तिथेच असतो. अठरा ते पंचवीस वयात पोरगं शिकायला सोलापूरला जातं, कामाला पुण्याला जातं, पोरगी लग्न होऊन अफझलपूरला जाते. प्रत्येक वेळी पत्ता बदलायचा फॉर्म ८, दोन ठिकाणी नाव असेल तर वगळायचा फॉर्म ७. लग्नानंतर नाव बदललं तर आणखी एक फेरी. दुधनीसारख्या हद्दीवरच्या गावात त्यात राज्यही बदलतं. जन्माच्या दाखल्याचंही तसंच. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. आई आळंदकडची असेल तर बाळाची नोंद कर्नाटकात, शाळा दुधनीत, कागदावर नावाचं स्पेलिंग दोन तऱ्हेचं. अठराव्या वर्षी हे सगळं एका टेबलावर येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला आहे. त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा असेल, मतदार नोंदणीलाही. त्या मुलांची अठरा वर्षं २०४१ मध्ये भरायला लागतील. आज घरात तान्हं बाळ असेल तर दाखला आजच नीट करून ठेवा. उशिराच्या नोंदीचे दाखले देणं राज्याने जानेवारी २०२५ मध्ये थांबवलं होतं आणि मार्चमध्ये नवी, जास्त कडक पद्धत आणली, हे बऱ्याच घरांना अनुभवाने माहीत आहे.

पैसे कोण देतं?

लोकसभेच्या निवडणुकीचा खर्च केंद्र सरकार करतं, विधानसभेचा राज्य सरकार. दोन्ही एकत्र झाल्या तर निम्मा-निम्मा. कायदा-सुव्यवस्थेचा खर्च राज्यांकडे. मतदार यादी आणि ओळखपत्राचा खर्चही केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा वाटून घेतात. नगरपरिषदेसारख्या स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. हा आयोग वेगळा, १९९४ मध्ये स्थापन झालेला, आणि त्याचा भार राज्य व स्थानिक संस्थांच्या तिजोरीवर येतो. दिल्लीने वय कमी केलं की पैसा फक्त दिल्लीचा जातो, असं नाही. दुधनी ही 'क' वर्ग नगरपरिषद. तिच्या पातळीवर पाणीपट्टी आणि घरपट्टीतून उभा राहणारा रुपया मोठा असतो.

पैसे भरले, जागा रिकामी

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहायला घेतला ती. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी देशात सुमारे ९७ कोटी मतदार होते. त्यात १८-१९ वयाचे सुमारे १ कोटी ८० लाख. त्या वयाची लोकसंख्या पाहिली तर नोंद झालेले चाळीस टक्क्यांच्याही आत होते. म्हणजे दहातले सहा जण यादीतच नव्हते. केंद्र उभं राहिलं, यंत्र आलं, बीएलओ नेमला, २५ जानेवारीला मतदार दिवस साजरा झाला, प्रभातफेरी निघाली. हा सगळा खर्च दहाही जणांच्या नावाने झाला. सहा जणांनी तो वापरला नाही.

कायद्याने त्यांच्यासाठी सोय आधीपेक्षा वाढवली आहे. पूर्वी वर्षातून एकच पात्रता तारीख असायची, १ जानेवारी. २ जानेवारीला अठरा पूर्ण झाले की वर्षभर थांबा. २०२१ च्या दुरुस्तीने ऑगस्ट २०२२ पासून चार तारखा झाल्या, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतराव्या वर्षीच आगाऊ अर्ज करता येतो. यानेही खर्च वाढला, यादी वर्षातून चारदा हलते. पण हा खर्च मला योग्य वाटतो, कारण त्याने फुकट जाणारा खर्च कमी होऊ शकतो.

आणि तरी कुठे तरी दार बंदच होतं. नगरपरिषदांच्या गेल्या निवडणुकीचंच बघा. २ डिसेंबर २०२५ च्या मतदानासाठी राज्य निवडणूक आयोगाने १ जुलै २०२५ ची विधानसभा यादी धरली. ५ जुलै २००७ ला जन्मलेली मुलगी मतदानाच्या दिवशी अठरा वर्षं पाच महिन्यांची होती, विधानसभेच्या यादीत १ ऑक्टोबरच्या तारखेने येऊ शकत होती, पण नगरसेवक आणि नगराध्यक्ष निवडू शकत नव्हती. पुढची निवडणूक वेळेवर झाली तर तिचं पहिलं नगरपरिषदेचं मत तेविसाव्या वर्षी.

वेळेवर झाली तर. कारण राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांच्या मागच्या निवडणुका २०१६ च्या अखेरीस झाल्या होत्या. पाच वर्षांची मुदत संपली आणि ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका लांबत गेल्या, प्रशासक बसले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं तेव्हा कुठे हललं. २०१७ च्या सुरुवातीला अठरा पूर्ण केलेल्या पोराने नगरपरिषदेसाठी पहिलं मत सव्विसाव्या वर्षी दिलं. १९८९ च्या घटनादुरुस्तीने तरुणांना तीन वर्षं दिली. लांबलेल्या निवडणुकांनी चार वर्षं परत घेतली, आणि त्या चार वर्षांत कोणाचा किती खर्च वाचला याचा हिशेब कोणी मांडलेला माझ्या वाचनात आला नाही.

सोळाचं काय?

ऑस्ट्रियाने २००७ मध्ये सगळ्या निवडणुकांसाठी वय १६ केलं. ब्राझीलमध्ये १९८८ पासून सोळा-सतराच्या मुलांना ऐच्छिक मत आहे. ब्रिटनच्या सरकारने जुलै २०२५ मध्ये सोळावर आणण्याचं जाहीर केलं. आपल्याकडे तसा कोणताही सरकारी प्रस्ताव नाही, पण अंदाज बांधायला हरकत नाही.

भारतात एका वयाची मुलं-मुली ढोबळमानाने अडीच कोटी. सोळा आणि सतरा मिळून पाच कोटी. २०१४ चा माणशी ४६ रुपयांचा दर लावला तर २३० कोटी, म्हणजे तेव्हाच्या एकूण खर्चाच्या सहा टक्के. वर सांगितल्याप्रमाणे खर्च पायरीने चढतो, म्हणून प्रत्यक्ष वाढ याहून कमीच निघेल. नोंदच चाळीस टक्क्यांच्या आत राहिली तर अजून कमी. पैशाच्या नावाने सोळाला विरोध करणाऱ्यांकडे फार मोठा मुद्दा नाही.

पैशापलीकडचा खर्च मात्र आहे. आपली मतदार यादी सार्वजनिक असते, उमेदवारांना दिली जाते. त्यात नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, घर क्रमांक असतो. सोळा वर्षांच्या मुलींची अशी यादी प्रत्येक पक्षाच्या कार्यकर्त्याच्या हातात द्यायची का? स्कॉटलंडने २०१४ च्या सार्वमतात सोळा-सतराच्या मुलांना मत दिलं तेव्हा तरुण मतदारांची नोंद वेगळी आणि जपून ठेवली होती. सुमारे १ लाख १० हजार मुलांनी नाव नोंदवलं. लाखभर नावं जपणं आणि पाच कोटी नावं जपणं यात फरक आहे, आणि वेगळी यादी म्हणजे परत दुहेरी खर्च, आळंदची आणि अमेरिकेची तीच गोष्ट.

दुसरं, मतासाठी पैसे घेणं हा गुन्हा आहे. घेणारा सोळा वर्षांचा असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाईल. निवडणुकीच्या आदल्या रात्री आपल्या गावांत काय चालतं हे सगळ्यांना माहीत आहे. वाटणाऱ्याला अजून एक स्वस्त गिऱ्हाईक मिळेल आणि पोलिसांना अजून एक न उघडलेली फाईल. १९८९ मध्ये ही अडचण नव्हती. सज्ञानतेचं वय १८७५ च्या कायद्यापासून अठराच होतं, मतदानाचं वय त्याच्या बरोबरीला आणलं एवढंच. सोळा केलं तर पहिल्यांदाच मतदार अज्ञान असेल. म्हणून माझं मत सध्या तरी अठरावर थांबावं असं आहे. आधी अठराच्या सहा रिकाम्या जागा भरू द्या.

ज्यांच्या घरात सतरा पूर्ण झालेलं मूल आहे त्यांच्यासाठी: फॉर्म ६ भरायचा, ऑनलाइन किंवा आपल्या बीएलओकडे. फी नाही. वयासाठी जन्मदाखला, दहावी-बारावीचं जन्मतारीख असलेलं प्रमाणपत्र, आधार, पॅन, वाहन परवाना किंवा पासपोर्ट यातलं एक चालतं. पत्त्याचा पुरावा मुलाच्या नावाचा नसेल तर आई-वडिलांच्या नावाचा चालतो. शाळेच्या कागदावर आणि आधारवर नाव दोन तऱ्हेने लिहिलेलं असेल तर ते आधी एकसारखं करून घ्या, अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा इथेच. अक्कलकोट हा २५० क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ आणि दुधनीची नावं त्याच्याच यादीत असतात, लोकसभेसाठीही आणि नगरपरिषदेसाठीही.